सहलीच्या यादीत बंदर का नाही?

मा. अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि मुंबईतल्या संग्रहालयांचे विश्वस्त व संचालक यांस,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. सहल मुंबईला न्यायची ठरली की सहलप्रमुखाचं काम माझ्याकडं येतं. म्हणजे शिक्षण खात्याची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, एसटीची निम्म्या भाड्यातली गाडी, प्रथमोपचाराची पेटी, गाडी लागणाऱ्यांसाठी पिशव्या, आणि या सगळ्याच्या आधी "काय काय दाखवणार?" या प्रश्नाचं उत्तर. हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे. तुम्हा सगळ्यांना एकत्र लिहितोय, कारण एकेकाला वेगळं लिहिलं तर उत्तर ठरलेलं असतं: सदर विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.

आमच्याकडं मुंबईच्या सहलीची यादी पिढीजात आहे. गेटवे, म्युझियम, तारांगण, राणीची बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ. वेळ उरला तर घारापुरी. तो कधी उरत नाही. मी विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा हीच यादी होती आणि आता पोरांना घेऊन येतो तेव्हाही हीच आहे. मधल्या काळात विक्रांत आली आणि गेली, तारापोरवाला मत्स्यालय बंद पडलं, राणीच्या बागेत पेंग्विन आले. बाकी सगळं जिथल्या तिथं.

यातलं एकही ठिकाण टाकाऊ नाही. म्हातारीच्या बुटालासुद्धा मी नावं ठेवणार नाही. नववीतली दांडगी मुलं त्यात शिरायला कशी धडपडतात ते मी पाहिलंय. माझं म्हणणं वेगळं आहे. परतीच्या वाटेवर गाडी खंबाटकी चढायला लागली की मी मुलांना एक प्रश्न टाकतो: मुंबई नेमकी तिथंच का वाढली? उत्तरं येतात ती अशी: पिक्चरमुळं, गिरण्यांमुळं, इंग्रजांना आवडली म्हणून. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणते, समुद्र आहे म्हणून. मग मी म्हणतो, समुद्र तर हर्णैलाही आहे, श्रीवर्धनलाही आहे. तिथं का नाही झाली मुंबई? गाडीत शांतता.

मुंबई बंदरामुळं झाली. बेटांच्या पूर्वेला, पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला, मोठी जहाजं निर्धास्त उभी राहतील असं खोल पाणी होतं. बाकीचं सगळं त्यामागून आलं. आणि सहलीत आम्ही मुलांना उभं करतो ते पश्चिमेला तोंड करून, चौपाटीवर, सूर्यास्त बघायला. गेटवेला पूर्वेचं पाणी दिसतं खरं, पण तिथं सगळ्यांची पाठ पाण्याकडं असते. फोटो कमानीचा नाहीतर ताजचा हवा असतो. दोन दिवस बंदराच्या शहरात हिंडून मुलं बंदर न पाहता घरी जातात. यात मुलांचा दोष नाही. त्यांना ते दाखवायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही.

आमच्या खोऱ्याच्या दृष्टीनं हे आणखी विचित्र आहे. मलबार हिलवर आमचं कुणी नव्हतं. फोर्टातल्या पेढ्यांत कुणी नव्हतं. आमची माणसं होती ती गोदीत, मशीद बंदरच्या वखारींत, दाणाबाजारात, पाठीवर पोती घेऊन. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले; त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. एकेका खोलीत गावचे वीस-वीस गडी पाळीपाळीनं झोपायचे, जेवण खानावळवालीकडं, आणि महिन्याची मनिऑर्डर गावाकडं. पाटण-जावळीतली कितीतरी कौलारू घरं त्या मनिऑर्डरींवर उभी आहेत.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांकडं गोदीतला आकडा अजून आहे. पोत्यात अडकवून ओढायचा तो लोखंडी आकडा. मूठ लाकडाची, घामानं काळी पडलेली आणि चार बोटांच्या जागी खोलगट झालेली. टोक बोथट झालंय, पण गंज नाही, कारण आजोबा त्याला तेल लावतात. मुलानं तो शाळेत आणला तेव्हा सगळ्या वर्गानं हाताळून बघितला. आजोबांना विचारलं, गोदीत कुठं होता? म्हणाले, "यलो गेटच्या आत." एवढाच पत्ता. गोदीची दारं रंगांच्या नावानं ओळखली जातात, यलो गेट, ग्रीन गेट, ब्लू गेट, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या वर्षीच्या सहलीत मी चालकाला गाडी मुद्दाम पी. डिमेलो रस्त्यानं घ्यायला लावली. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी होते, हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. मुलं खिडकीला नाकं लावून बसली. दिसली ती भिंत. मग ट्रकची रांग, मग पुन्हा भिंत. तो मुलगा विचारत होता, "सर, आजोबांचं गेट कुठलं?" गेट आलं आणि गेलं. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि दिसावं असं कुणाच्या मनातही नाही.

आता संग्रहालयांकडं येतो. तुमच्याकडं वस्तूंचा तुटवडा नाही, उलट बंदराची गोष्ट सांगणाऱ्या वस्तू गच्च भरलेल्या आहेत. पण कुणी ती सलग सांगत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. १९०५ मध्ये पायाभरणी झाली ती जहाजानं मुंबईत उतरलेल्या इंग्लंडच्या युवराजाच्या हातून. इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेटची, ज्यानं पुढं गेटवेही बांधला. पहिल्या महायुद्धात तिचं इस्पितळ झालं आणि संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली ती १९२२ मध्ये. आत सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. सोपारा म्हणजे मुंबईच्या आधीचं मोठं बंदर, आजचं नालासोपारा. मुलांना नालासोपारा माहीत आहे तो लोकलच्या पाटीवरचा. तिथं अशोकाच्या काळी जहाजं लागायची म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्याच इमारतीत इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा आहेत. निमरूदचा दगड मुंबईत कसा? तर तिथलं उत्खनन बसऱ्याहून जहाजानं आधी मुंबईच्या बंदरात यायचं आणि इथून लंडनला जायचं. काही शिळा इथंच राहिल्या. टाटांनी दिलेल्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी बघा. चीनशी मुंबईचा व्यापार कशाचा होता हेही मुलांना सांगायला हरकत नाही: कापसाचा आणि अफूचा. दहावीची मुलं लहान नसतात. ज्यांच्या नावानं मुंबईत ग्रंथालयं, इस्पितळं, बागा आहेत त्यांतल्या काही दानशूरांच्या पैशाला अफूचा वास आहे, हे इतिहासाच्या शिक्षकानं नाही सांगायचं तर कुणी?

मला विचाराल तर मुंबईतली सगळ्यांत चांगली वस्तू भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उघड्यावर उभी आहे: तो काळ्या दगडाचा हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. बेटावर उतरलं की दिसायचा. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा बेत केला. उचलताना यारीची, म्हणजे क्रेनची, साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये सांधून हत्ती पुन्हा उभा केला. एका दगडात केवढा इतिहास: बेटावरचे अनाम शिल्पी, पोर्तुगीज, इंग्रजांची हाव, आणि एका साखळीची कृपा. सांधे अजून दिसतात. मुलं बोट फिरवून मोजतात आणि रखवालदार ओरडतो. त्याचंही बरोबर आहे.

बागेत आणखी पुढं गेलं तर खरा काळा घोडा आहे, एडवर्ड राजाला पाठीवर घेतलेला. १९६५ मध्ये तो फोर्टातून हलवला. चौकाचं नाव तसंच राहिलं आणि २०१७ मध्ये तिथं स्वार नसलेला नवा घोडा बसवला. म्हणजे काळा घोडा बघायला काळा घोडा चौकात जायचं नाही, भायखळ्याला जायचं. आणि संग्रहालयात मुंबईचे जुने नकाशे, गलबतांच्या प्रतिकृती, जातीजमातींच्या मातीच्या बाहुल्या. १८७२ मध्ये उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय, आणि ज्यांचं नाव त्याला नंतर दिलं ते भाऊ दाजी गोव्यातल्या मांद्र्याचे, डॉक्टर आणि प्राच्यविद्या पंडित. पण आमचे निम्मे पालक सहलीच्या पत्रकावर हे नाव वाचून विचारतात, "पेंग्विन दाखवणार ना?" दाखवतो. पेंग्विनांच्या रांगेत तास जातो आणि हत्तीला दहा मिनिटं उरतात. उद्यान खात्यानं आणि संग्रहालयानं मिळून शाळांसाठी एक साधी वाट आखावी: आधी हत्ती, मग घोडा, मग संग्रहालय, मग गोरखचिंच आणि उर्वशीची झाडं, आणि शेवटी पेंग्विन. पेंग्विन शेवटी ठेवले की मुलं आधीचं सगळं निमूट बघतात. हे मला अध्यापक विद्यालयात नाही, सहलीत कळलं.

घारापुरीच्या गुहांचं कौतुक करायला मी नको. पण हत्ती भायखळ्यात आणि त्याचं घर बेटावर, ही जोडी मुलांना एका सहलीत दाखवणं फार अवघड जातं. राणीची बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद. गुहा सोमवारी बंद. आमची सहल दोनच दिवसांची, आणि मागं राहिलेली मुलं सांभाळायला शाळेतही शिक्षक हवेत. मी कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसतो तेव्हा पंचांगात मुहूर्त शोधल्यासारखं वाटतं. सुट्टीचे वार बदला असं म्हणत नाही. कर्मचाऱ्यांना सुट्टी हवीच. पण सगळ्यांचे वार, वेळा, शाळेचे दर आणि त्या महिन्यात कुठलं दालन दुरुस्तीला काढलंय हे एका पानावर, मराठीत, एका ठिकाणी मिळालं तर माझ्यासारख्यांचे अर्धे फोन वाचतील. एका ठिकाणी आम्ही महिनाभर आधी पत्र पाठवून गेलो आणि दारावर कागद चिकटवलेला होता: आज बंद. नाव घेत नाही. तिथल्या शिपाईमामांनी मुलांना पाणी दिलं तेवढं लक्षात ठेवलंय.

आणि लाँचची गोष्ट. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर आदळली, माणसं गेली. त्यानंतर पालकसभेत घारापुरीचं नाव काढायची सोय राहिली नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवंच, पण शाळकरी मुलांच्या मापाची जॅकेटं किती असतात, लाँचची क्षमता किती, त्या दिवशी किती माणसं चढवली, हे धक्क्यावर फळा लावून लिहा. पालकांना मी दुसरं काही दाखवू शकत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो बंदर प्राधिकरणासाठी.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं इथं सागवानी जहाजं बांधली. इंग्रजांच्या आरमाराला ती इतकी पसंत पडली की मागणी येत राहिली. 'कॉर्नवॉलिस' मुंबईत बांधली. १८४२ चा नानकिंगचा तह तिच्यावर झाला, ज्यात हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये मुंबईच्या पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे. ब्रिटनची तरंगती राहिलेली सगळ्यांत जुनी युद्धनौका तीच. ती बघायची तर इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाच्या गावी जायचं आणि तिकीट काढायचं. तिथली शाळेची पोरं मुंबईच्या सुतारांचं काम हातानं चाचपून बघतात.

आणि आपल्याकडं? विक्रांत १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली ही विमानवाहू नौका २००१ पासून मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. त्या डेकवर मी मुलांना नेलंय. लढाऊ विमानाच्या पंखाखाली उभं राहून एका मुलानं विचारलं होतं, "हे एवढं लोखंड बुडत कसं नाही?" विज्ञानाच्या मॅडमनी आर्किमिडीज तिथंच शिकवला. अशा तासाला पर्याय नाही. मग नौका धोकादायक झाली, डागडुजीचा खर्च कुणी करायचा यावर वर्षं गेली, आणि २०१४ मध्ये साठ कोटींना ती भंगारात गेली. दारूखाना या मुंबईतल्या जहाजतोडणीच्या जागी ती तोडली. तिच्या पोलादाचा अंश घालून पुढं मोटारसायकली निघाल्या. आमच्या गावात एकाकडं ती गाडी आहे; विक्रांत बघायची इच्छा झाली तर आता त्याच्या अंगणात जातो.

हार्टलपूलचं उदाहरण मी त्यांच्या कौतुकासाठी दिलं नाही. मुंबईच्या मानानं ते लहानसं गाव आहे. त्यांना जमतं आणि ज्या बंदरानं जहाज बांधलं त्याला जमत नाही, हे जरा मनाला लावून घ्या.

मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची, आजची इंदिरा गोदी १९१४ ची. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा. कापूस पेटला आणि दुपारी चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. गोदी कामगार किती गेले याचा नीट हिशेब कुणाकडंच नाही. त्यांची नावं कुठल्या हजेरीपटावर असती तर ना. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यामुळं. आणि ती व्हिक्टोरिया गोदी? बुजवली. प्रिन्सेसही बुजवली. कंटेनर न्हावा शेव्याला गेले, जुन्या गोद्या निकामी झाल्या, हे समजू शकतो. बंदर हे म्युझियम म्हणून चालवता येत नाही. पण जिथं हे घडलं ती जागा शाळेच्या मुलाला दुरूनसुद्धा दिसू नये?

भाऊच्या धक्क्याचंही तसंच. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी तो बांधला. कोकणच्या बोटी तिथून सुटायच्या. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिना उरलेला असताना, 'रामदास' बोट तिथून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून त्या बोटीचं नाव काढलेलं सोसत नाही. टायटॅनिक आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. रामदास एकालाही माहीत नव्हती. आज त्याच धक्क्याच्या शेजारून मांडव्याला रो-रो बोट जाते. तिच्या प्रतीक्षागृहात भिंतीवर रामदासची हकीकत लिहायला किती खर्च येईल?

सुरक्षेचा प्रश्न काढाल, हे मला माहीत आहे. २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. पण नौदल दरवर्षी ४ डिसेंबरच्या आगेमागे नौदल सप्ताहात युद्धनौका शाळांना दाखवतं. ओळखपत्रं तपासतात, पिशव्या बाहेर ठेवतात, रांगेत नेतात, रांगेत आणतात. नौदलाला जे जमतं ते व्यापारी बंदराला का जमू नये? आणि तुम्ही स्वतः ते एकदा करून दाखवलं आहे. २०१७ च्या हिवाळ्यात ससून डॉकमध्ये, १८७५ च्या त्या गोदीत, कोळणींच्या आणि मासळी सोलणाऱ्या बायकांच्या शेजारी, जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरलं होतं. एरवी जिथं कॅमेरा काढला की हटकतात तिथं माणसं रांगा लावून गेली, सुकटीच्या वासासकट. काही बिघडलं नाही. उलट कित्येक मुंबईकरांनी जन्मात पहिल्यांदा ससून डॉक पाहिला.

तेव्हा मागणी अशी. तुमच्याकडं सुमारे अठराशे एकर जमीन आहे. बॅलार्ड पिअरला परदेशी पाहुण्यांसाठी झकास क्रूझ टर्मिनल झालं, चांगली गोष्ट आहे. आता एखादं जुनं गोदाम गोदी कामगारांच्या संग्रहालयासाठी द्या, आणि त्याच्या गच्चीवर काचेमागून चालू गोदी दिसेल अशी जागा करा. महागड्या पडद्यांची, लेझरची गरज नाही. यारी, तराजू, गासड्या, पाळीचे भोंगे, हजेरीचे बिल्ले, मुकादमाच्या वह्या. आणि माणसांचे आवाज. हे शेवटचं घाईचं आहे. ज्यांनी गोदीत पाठीवर माल वाहिला ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि मुंबईत नाहीत. ती पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत, आंबेगाव-जुन्नरात, कोकणात आपापल्या ओसरीवर बसली आहेत. मुंबईतल्या सल्लागाराला ती सापडणार नाहीत. आम्हाला सापडतात.

म्हणून आमच्याकडून एक देणं कबूल करतो. आमची मुलं प्रकल्प म्हणून या आजोबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतील, प्रश्नावली मी तयार केली आहे. आकडे, बिल्ले, जुनी ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या घराघरांत आहेत. मालकाच्या नावाची पाटी आणि नीट पावती मिळणार असेल तर लोक देतील. कोकणातल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या शिक्षक मित्रांशी बोललोय, तेही तयार आहेत. तुम्ही फक्त ठेवायला जागा आणि नोंद करायला एक माणूस द्या. संग्रहालयांच्या विश्वस्तांना विनंती आहे की नोंदी कशा करायच्या, लोखंड आणि कागद कसे टिकवायचे, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आम्हा शिक्षकांना द्यावं. जेवणखाण आमचं आम्ही बघू.

तोवर महापालिकेला एक काम आजही करता येईल. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वर, भंडारवाड्याच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका बाप्टिस्टा, पुढं मुंबईचे महापौर. पूर्वी तिथं माझगावचा किल्ला होता. आज खाली जलाशय, वर बाग, आणि बागेतून सगळी पूर्वेची बाजू दिसते: गोद्या, याऱ्या, नांगरलेली जहाजं. फुकट. मुंबईतलं बंदर बघायची सगळ्यांत सोपी जागा ही आहे आणि ती कुठल्याच सहलीच्या यादीत नाही, कारण तिथं काय बघायचं हे कुणी सांगत नाही. कठड्याला एक लांब पाटी लावा, मराठीत, चित्रासह: ही इंदिरा गोदी, इथं व्हिक्टोरिया होती, हा भाऊचा धक्का, ते घारापुरी. उत्तरेकडं अटल सेतू दाखवणारा बाण काढा. पाटीच्या जोडीला दोन स्वच्छ स्वच्छतागृहं आणि पन्नास मुलांना डबा खाता येईल अशी सावली. डब्याचं मी हसत लिहीत नाही. मुंबईत पन्नास मुलांनी बसून भाकरी खायची जागा शोधणं हे घारापुरी गाठण्यापेक्षा अवघड आहे. आतापर्यंत आम्ही फुटपाथवर, बसमध्ये आणि एकदा एका देवळाच्या ओट्यावर जेवलो आहोत.

५ एप्रिलला तुम्ही राष्ट्रीय सागरी दिन साजरा करता. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि मंडळींच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून विलायतेला निघाली तो दिवस. सोलापूरच्या माणसानं इंग्रज कंपन्यांच्या नाकासमोर जहाज हाकलं, ही गोष्ट माझ्या मुलांना फार आवडते. पण एप्रिलमध्ये ती परीक्षेला बसलेली असतात. सहली नोव्हेंबर ते जानेवारीत निघतात. बंदराचा एखादा शाळा-दिवस ठेवणार असाल तर तो याच तीन महिन्यांत ठेवा. आमची पहिली पालकसभा गणपतीनंतर होते आणि यादी दिवाळीच्या सुट्टीआधी नक्की करावी लागते. त्याआधी उत्तर आलं तर यंदाच्या पत्रकात भंडारवाड्याची टेकडी घालतो, आणि पेंग्विन एक तास मागं ढकलतो.

कळावे,
आपला,
एक सहलप्रमुख, ता. पाटण, जि. सातारा